राजीनामा दिला, कोड सुटेना

आरोग्य विम्याच्या ग्राहकाला कंपनी बदलायची सोय, म्हणजे पोर्टेबिलिटी, १ ऑक्टोबर २०११ पासून आहे. नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान ४५ दिवस अर्ज करायचा, की आधीच्या आजारांसाठी जुन्या कंपनीत काढलेली प्रतीक्षेची वर्षं नव्या कंपनीत धरली जातात. २०२४ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, या कामाला आणखी घाई लावली. जुन्या कंपनीने ७२ तासांत माहिती द्यायची आणि नव्या कंपनीने पाच दिवसांत हो की नाही ते सांगायचं. मधुमेह आणि दोन जुने क्लेम पदरी असलेला माणूसही निदान अर्ज करू शकतो आणि आठ दिवसांत उत्तर मिळवू शकतो. पण त्याला पॉलिसी विकणारा एजंट कंपनी सोडायला निघाला, की हिशोब तासांवरून महिन्यांवर जातो.

‘एजन्सी सोडायची आहे, पण सोडत नाहीत’ ही तक्रार विम्याच्या धंद्यात नवी नाही. ती बाहेर फारशी ऐकू येत नाही, कारण विम्यातल्या तक्रारी म्हटलं की आपल्याला नाकारलेले क्लेम आठवतात आणि एजंट हा त्या गोष्टीतला खलनायक असतो. त्याच्याबद्दल सहानुभूती वाटावी अशी त्याची ख्याती नाही. तरीही हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. एजंट अडकतो तेव्हा त्याच्या शेदोनशे कुटुंबांच्या पॉलिस्याही त्याच्याबरोबर अधांतरी होतात.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. विमा कायदा १९३८ सालचा. २०१५ च्या दुरुस्तीपर्यंत एजंटला नियामकाच्या नावाने लायसन्स मिळत असे. दुरुस्तीनंतर लायसन्स संपलं आणि त्या जागी कंपनीचं नेमणूकपत्र आलं. कितीतरी जण अजून सवयीने ‘माझं लायसन्स’ म्हणतात, पण हातात असतो तो कंपनीने दिलेला कोड. पूर्वीही कंपनी बदलायला ना-हरकत लागायची, तेव्हा जुना काळ काही सोन्याचा नव्हता. फरक इतकाच, की लायसन्स माणसाच्या नावावर होतं आणि नेमणूक कंपनीच्या मर्जीवर आहे.

कलम ४२ प्रमाणे एका एजंटला एका वेळी एक आयुर्विमा कंपनी, एक सर्वसाधारण विमा कंपनी आणि एक आरोग्य विमा कंपनी घेता येते. सर्वसाधारण कंपन्याही मेडिक्लेम विकतात, त्यामुळे व्यवहारात एकाच एजंटच्या बॅगेत आरोग्य विम्याची दोन दुकानं असू शकतात. मोटार विम्यासाठी घेतलेल्या कोडवर मेडिक्लेम आणि फक्त आरोग्य विमा करणाऱ्या कंपनीचा वेगळा कोड, ही जोडगोळी जिल्ह्याच्या गावांत सर्रास दिसते. पण एकाच जातीच्या दोन कंपन्या चालत नाहीत. क आरोग्य कंपनीकडून ख आरोग्य कंपनीकडे जायचं तर क आधी सुटली पाहिजे.

ती कशी सुटते? १ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या नियमांत ते स्वच्छ लिहिलं आहे. एजंटने नेमणूकपत्र आणि ओळखपत्र कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे परत करायचं. कंपनीने १५ दिवसांत नमुना आय-सी मध्ये एजन्सी संपल्याचा दाखला द्यायचा. त्या दाखल्याच्या तारखेपासून ९० दिवस उलटल्यावरच दुसरी कंपनी त्याच्या अर्जाचा विचार करणार. नवी कंपनी त्याचा पॅन क्रमांक मध्यवर्ती यादीत तपासते, काळ्या यादीतही तपासते. जुन्या कंपनीने नोंद काढली नसेल तर अर्ज तिथेच परत येतो.

कागदावर यात ‘परवानगी’ हा शब्द कुठे नाही. एजंट सोडतो आणि कंपनी त्याची पोच देते, एवढंच. खरी मेख अशी, की ९० दिवस राजीनाम्यापासून मोजायचे नाहीत, दाखल्यापासून मोजायचे आहेत. दाखला जितका लांबेल तितकं पुढचं सगळं लांबतं, आणि १५ दिवसांची मुदत कंपनीने पाळली नाही तर एजंटला भरपाई मिळेल अशी सोय त्या कलमात नाही. एका खात्याने फाईल दाबली तर दुसऱ्याचं पोट अडावं आणि दाबणाऱ्याला काहीच होऊ नये, ही व्यवस्था आपल्या सरकारी कचेऱ्यांत आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. खासगी विम्यानेही ती बिनबोभाट उचलली.

प्रत्यक्षात राजीनामा नियुक्त अधिकाऱ्याकडे जातच नाही. तो जातो शाखेतल्या सेल्स मॅनेजरकडे, कारण एजंटची ओळख त्याच्याशी असते. सरकारी कंपनीत ही जागा विकास अधिकाऱ्याची, ज्याला सगळे डीओ म्हणतात. या माणसाची पगारवाढ, कधीकधी नोकरीसुद्धा, त्याच्या हाताखाली किती एजंट ‘ॲक्टिव्ह’ आहेत यावर ठरते. चांगला एजंट गेला तर त्याचा आकडा पडतो. मग सुरू होतं ते असं: “दादा, मार्च तरी होऊ द्या.” मार्च होतो. “साहेब बदललेत, नव्या साहेबांना एकदा भेटा.” भेट होते. “तुमचा मेल दिसत नाहीये, परत टाका.” मेल परत टाकला, की जुन्या एका चेक बाउन्सची वसुली निघते किंवा फ्री लूकमध्ये, म्हणजे पॉलिसी परत करायच्या सुरुवातीच्या मुदतीत, रद्द झालेल्या पॉलिसीचं कमिशन परत मागितलं जातं. वसुली रास्त असेलही. पण ती राजीनाम्याच्याच आठवड्यात आठवते, ही गंमत आहे.

त्यातूनही माणूस ऐकेना, तर धमकी येते: ब्लॅकलिस्ट करू. ही धमकी पोकळ नाही म्हणून ती चालते. एजन्सी स्वतः सोडणं आणि कंपनीने ती रद्द करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रद्द झाली तर पाच वर्षं नवी नेमणूक मिळत नाही. रद्द करायला नोटीस, चौकशी, म्हणणं ऐकून घेणं हे सगळं लागतं, केवळ सोडून चालला म्हणून कुणाला काळ्या यादीत टाकता येत नाही. हे शाखेतल्या साहेबाला माहीत असतं. तालुक्याच्या गावातल्या एजंटला माहीत असेलच असं नाही.

आता पैशाकडे वळू, कारण गाठ तिथेच आहे. आयुर्विम्यात पहिल्या वर्षी कमिशन भरघोस आणि नंतर उतरतं. आरोग्य विमा बहुतांशी वर्षावर्षाचा, त्यामुळे कमिशनही साधारण दरवर्षी सारखंच. २०२३ पर्यंत वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवर १५ टक्क्यांची कमाल मर्यादा होती. मग वेगवेगळ्या मर्यादा काढून कंपनीच्या एकूण खर्चालाच कुंपण घातलं, सर्वसाधारण कंपन्यांना हप्त्यांच्या ३० टक्के आणि फक्त आरोग्य विमा करणाऱ्यांना ३५ टक्के. समजा एखाद्याकडे ३०० कुटुंबं आहेत आणि सरासरी हप्ता २५,००० रुपये. वर्षाचे हप्ते ७५ लाख आणि १५ टक्क्यांनी कमिशन सव्वाअकरा लाख. यात या वर्षीची नवी विक्री थोडीच, बाकी सगळं जुन्या ग्राहकांचं रिन्यूअल. दहा-पंधरा वर्षं दारोदार फिरून उभा केलेला हा धंदा कोडला चिकटलेला असतो. कोड बंद, की करारानुसार साधारणपणे रिन्यूअलचं कमिशनही बंद.

म्हणून आरोग्य विम्याच्या एजंटला सोडणं आयुर्विम्याच्या एजंटपेक्षा महाग पडतं. गंमत म्हणजे संरक्षण होतं ते आयुर्विम्यात. १९३८ च्या कायद्यातलं कलम ४४ सांगत होतं, की ठरावीक वर्षं एकनिष्ठ काम केलेल्या एजंटचं रिन्यूअल कमिशन, फसवणूक सोडली तर, केवळ एजन्सी संपली म्हणून बुडवता येणार नाही. पण ते फक्त आयुर्विम्यापुरतं. मेडिक्लेम आला १९८६ मध्ये, त्याचे एजंट या छत्राखाली कधी आलेच नाहीत. एलआयसीतसुद्धा, एजन्सी गेल्यावर पुन्हा नेमल्या गेलेल्या एजंटना जुन्या धंद्याचं रिन्यूअल मिळत नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अर्थ मंत्रालयाने ते द्यायचं ठरवलं आणि एजंटांच्या ग्रॅच्युइटीची मर्यादाही तीन लाखांवरून पाच लाखांवर नेली. म्हणजे सरकारला हा प्रश्न कळतो. आरोग्य विम्याच्या बाबतीत तो कुणी विचारलेला नाही, इतकंच.

२०२५ च्या सप्टेंबरात वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. ग्राहकाला आनंद झाला. कंपन्यांची खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मात्र गेली, आणि अनेक कंपन्यांनी ती तूट एजंटच्या कमिशनमधून भरून काढली. अशा वेळी जास्त देणाऱ्या कंपनीकडे जावंसं वाटणं स्वाभाविक आहे आणि अशाच वेळी जुनी कंपनी दाखला जपून देते.

एजंटांचा दुसरा मोठा वर्ग म्हणजे पीओएसपी, अर्थात पॉइंट ऑफ सेल्स पर्सन. २०१५ मध्ये ही जात निर्माण झाली. दहावी पास, १५ तासांचं प्रशिक्षण, परीक्षा, की माणूस विकायला मोकळा. तो एखाद्या कंपनीखाली किंवा ब्रोकरखाली काम करतो, आणि ब्रोकरखाली असेल तर एकाच मोबाइल ॲपवर अनेक कंपन्यांच्या पॉलिस्या विकू शकतो. कोडच्या तुरुंगातून सुटायचा हा मार्ग म्हणून कितीतरी जुने एजंट इकडे वळले. इथेही कडी तीच, फक्त जागा बदलली. पीओएसपीचा पॅन विमा माहिती केंद्राच्या नोंदीत त्या ब्रोकरच्या नावे बांधला जातो. ब्रोकरने तो सोडवला नाही, तर दुसरीकडे नाव नोंदवायला गेल्यावर पडद्यावर येतं, की हा पॅन आधीच नोंदलेला आहे. इथे तर सेल्स मॅनेजरही नसतो. ॲपमध्ये एक तक्रारीची खिडकी असते, तिच्यातून तिकीट क्रमांक मिळतो आणि तिकीट ‘सोडवलं’ म्हणून बंद होतं. पॅन तिथेच. समोर भांडायला माणूस असणं ही किती मोठी सोय होती, ते तेव्हा कळतं.

सर्वांना ठाऊक असलेली पळवाटही सांगायला हवी: बायकोच्या नावाने कोड. स्वतःचा कोड अडकला, की नव्या कंपनीचाच माणूस सुचवतो, “वहिनींची परीक्षा देऊन टाकू.” वहिनी परीक्षा देतात, नेमणूकपत्र येतं, ग्राहकाकडे मात्र जातो तो भाऊच. यात वहिनींनी खरोखर धंदा शिकून घेतल्याचीही उदाहरणं आहेत आणि त्यांच्याबद्दल आदरच आहे. एरवी हा सरळ नियमभंग. नेमणूक नसताना एजंट म्हणून वागणाऱ्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि असं करू देणाऱ्या कंपनीला एक कोटीपर्यंत. दाखला वेळेवर मिळाला असता तर या बनावाची गरजच पडली नसती.

दाद मागायची कुठे? विमा लोकपाल आणि नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल ही दारं मुळात विमाधारकांसाठी. एजंटच्या कमिशनचा किंवा दाखल्याचा वाद तिथे बसत नाही. कंपनीतच वर जायचं, नियामकाला पत्र लिहायचं, नाहीतर दिवाणी कोर्ट. कोर्टात गेलं तर कायदा वाईट नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याचं कलम २७ म्हणतं की कुणालाही धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. या कलमाचं मूळ डेव्हिड डडली फील्ड या वकिलाने न्यूयॉर्क राज्यासाठी लिहिलेल्या नागरी संहितेच्या मसुद्यात आहे. न्यूयॉर्कने तो मसुदा कधी स्वीकारला नाही. भारत आणि कॅलिफोर्निया या दोघांनी त्यातली ही तरतूद एकाच वर्षी, १८७२ मध्ये, उचलली.

या कलमावरचा आपल्याला जवळचा वाटेल असा खटला श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानचा. त्याच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या परसेप्ट डीमार्क या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. करार संपल्यावरही दुसऱ्याशी करार करण्याआधी आम्हाला पहिली संधी द्यायची, असं त्यात कलम होतं. झहीर दुसरीकडे गेला आणि कंपनी मुंबई उच्च न्यायालयात. एकल न्यायाधीशांनी मनाई दिली, खंडपीठाने ती उठवली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचं म्हणणं उचलून धरलं: करार चालू असेपर्यंत बंधन चालेल, संपल्यावर नाही. तिथे एजंट कंपनी होती आणि सुटू पाहणारा खेळाडू. विम्यात बाजू उलट्या असल्या तरी तत्त्व तेच लागतं. फक्त विम्याचा एजंट वर्षभराचं कमिशन वकिलावर घालवून ते सिद्ध करायला जात नाही, आणि कंपनीचा भरवसा त्यावरच असतो.

अमेरिकेत या प्रकाराला ‘रिलीज’ म्हणतात आणि तिथे तो आपल्यापेक्षा उघड आहे. ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर योजना विकणारा एजंट बहुधा एखाद्या मार्केटिंग संस्थेखाली नोंदलेला असतो. तिच्यावर आणखी कुणी, त्याच्यावर आणखी कुणी, आणि एजंटच्या विक्रीवर या सगळ्या साखळीला काही ना काही मिळतं. साखळी बदलायची तर वरच्याने सोडचिठ्ठीवर सही करायची. केली नाही, तर अनेक विमा कंपन्या एजंटला आपणहून सुटू देतात, पण ठरावीक महिने नवी विक्री न करता थांबल्यावर, बऱ्याच ठिकाणी सहा. योजना बदलायचा मुख्य हंगाम १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर, तो हुकला की वर्ष गेलं. २०२५ मध्ये मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या नव्या ग्राहकामागे कमिशनची राष्ट्रीय कमाल मर्यादा ६२६ डॉलर होती आणि नूतनीकरणाला ३१३. ही रक्कम एजंटच्या नावे आहे की संस्थेच्या नावे वळवलेली आहे, यावर सोडताना त्याच्या हाती काय उरणार ते ठरतं. ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांची पाच वर्षं पूर्ण झाली, की न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी घरातही या योजनांची चौकशी सुरू होते. त्यांना माहिती देणारा ओळखीचा एजंट कुणाच्या साखळीत अडकला आहे, याची त्यांना कल्पना नसते.

तिथल्या संघराज्य सरकारने हात घालून पाहिला. एप्रिल २०२४ मध्ये व्यापार आयोगाने नोकरी सोडल्यावरची स्पर्धाबंदी देशभर रद्द करणारा नियम काढला. ऑगस्टमध्ये टेक्सासच्या एका न्यायालयाने तो उडवला. त्याच वर्षी मेडिकेअर चालवणाऱ्या खात्याने कमिशनव्यतिरिक्त मध्यस्थांना जाणाऱ्या पैशाला लगाम घालायचं ठरवलं होतं. त्यालाही टेक्सासमधूनच जुलैत स्थगिती आली. कॅलिफोर्नियात मात्र १८७२ ची ती जुनी तरतूद अजून खंबीर उभी आहे.

कंपन्यांची बाजू नाही असं नाही. त्या प्रशिक्षणावर खर्च करतात, नवख्याला पहिले सहा महिने सांभाळतात आणि कधी ग्राहकही आणून देतात. आणि सोडून गेलेला एजंट काय करतो? पोर्टेबिलिटीचे अर्ज भरायला लागतो. जास्त कमिशनसाठी सगळी यादी नव्या कंपनीकडे वळवायची, हे होतं आणि ते वाईट आहे. चाळिशीतल्या निरोगी जोडप्याला त्याने फरक पडत नाही. ६८ वर्षांच्या, स्टेंट बसवलेल्या काकांना पडतो. नवी कंपनी त्यांना नाकारू शकते किंवा हप्ता वाढवून घेऊ शकते. इतर नातेवाईक ‘त्या एजंटबरोबर’ गेले म्हणून काकांनीही धोका घ्यावा, हे कुठल्याच हिशोबात बसत नाही. पण कंपनी जर म्हणत असेल, की कोड गेला म्हणजे या तीनशे घरांवर तुझा एक पैसाही हक्क नाही, तर ती घरं आपल्याबरोबर ओढून नेण्याखेरीज दुसरा मार्ग तीच त्याला ठेवत नाही. जुन्या पॉलिस्यांचं रिन्यूअल कमिशन काही वर्षं, कमी दराने का होईना, चालू राहिलं, तर काकांना आहे तिथेच राहू देण्यात एजंटचाही फायदा असेल. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली हीच आहे. दाखल्याची मुदत कडक केली, १५ दिवसांनंतर तो आपोआप मिळाला असं धरलं, तरी कमिशनचा हा धागा जोपर्यंत कोडला बांधलेला आहे तोपर्यंत माणूस सुटेल आणि ग्राहक फरफटेल.

त्या ९० दिवसांत काय होतं, तेही पाहा. तीनशेपैकी साधारण पंचाहत्तर पॉलिस्यांची नूतनीकरणाची तारीख याच काळात येते. कंपनी या पॉलिस्या ‘थेट’ खात्यात टाकते किंवा दुसऱ्या एजंटला देते. धंद्याच्या भाषेत त्या अनाथ. रात्री अकराला रुग्णालयातल्या कॅशलेस काउंटरवर अडलेला माणूस फोन करतो तो जुन्याच एजंटला. नियम सांगतो की कॅशलेसची मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत मिळाली पाहिजे. पण कुठला कागद कमी पडला आणि कुणाला फोन लावायचा, हे एजंटला माहीत असतं. कोड नसलेला, कमिशन न मिळणारा हा माणूस तरीही फोन उचलतो, कारण तो त्याच गावात राहतो. त्याच्या जागी नेमलेल्याला त्या कुटुंबाचं नावही ठाऊक नसतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने सूचनांसाठी मांडलेल्या मसुद्यात एका एजंटला एकाच जातीच्या अनेक कंपन्यांचं काम करू देण्याचा विचार होता. तसं झालं तर नवी कंपनी घेण्यासाठी जुनी सोडावीच लागणार नाही आणि दाखल्याचं बरंचसं महत्त्व आपोआप उतरेल.

तोवर जाणते एजंट स्वतःपुरती काळजी घेतात. राजीनामा साहेबाच्या हातात देत नाहीत. तो मुख्य कार्यालयातल्या नियुक्त अधिकाऱ्याला ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवतात, ओळखपत्र परत केल्याची पोच घेतात, येण्या-देण्याचा हिशोब लेखी मागतात. आणि महिना निवडतात. कलम ८०-डी च्या करसवलतीपायी आरोग्य पॉलिस्या मार्चअखेरीस धडाधड काढल्या जातात, म्हणून नूतनीकरणाची गर्दीही मार्चलाच. ती उरकून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात राजीनामा टाकला आणि दाखला वेळेत आला, तर ९० दिवस जुलैच्या उत्तरार्धात संपतात, आणि नव्या कोडने पुढच्या मार्चची तयारी करायला आठ महिने हाती राहतात.